युद्ध संपल्यावर सुरू होणारे चित्रपट

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

युद्धपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रणगाडे, खंदक, घरून आलेलं पत्र वाचणारा जवान आणि शेवटी फडकणारा तिरंगा. असे चित्रपट मीही भंडारा-तुमसरच्या टॉकिजांमध्ये भरपूर पाहिले, टाळ्याही वाजवल्या. आज मात्र मला वेगळ्याच चित्रपटांची ओळख करून द्यायची आहे. त्यांत एकही गोळी सुटताना दिसत नाही, तरी ते युद्धाबद्दलच असतात. लांबी दहा, वीस, फार तर तीस-बत्तीस मिनिटं. नायक-नायिका नाहीत, गाणी नाहीत, आणि सरळ गोष्टही नाही. त्यांना प्रायोगिक लघुपट म्हणतात. ‘प्रायोगिक’ हा शब्द ऐकला की आपण जरा बिचकतो. हे काहीतरी पुण्या-मुंबईच्या विद्वानांचं असणार, आपल्याला कळायचं नाही, असं वाटतं. पण तसं नाही. उलट मला वाटतं, हे चित्रपट समजून घ्यायला आमच्या जिल्ह्यातला माणूस अधिक लायक आहे. कसा, ते सांगतो.

भंडारा म्हटलं की लोकांना तलाव आठवतात, धान आठवतं, पितळेची भांडी, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी आणि झाडीपट्टीची नाटकं आठवतात. युद्ध कुणालाच आठवत नाही. सीमा इथून शेकडो कोस दूर. पण थोडा विचार केला तर लक्षात येतं, की युद्ध आमच्याकडे आलं नाही, तरी युद्धाच्या मागून जे जे येतं ते सगळं आलं. १९६२ च्या चीन युद्धात देशाला आपली तयारी अपुरी असल्याचं कळलं, आणि १९६४ साली भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध कारखाना उभा राहिला. तिबेटमधून परागंदा झालेल्या कुटुंबांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ साली गोठणगावजवळ वसली. पूर्व पाकिस्तानातून घरदार सोडून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती अर्जुनी-मोरगावच्या परिसरात झाल्या. अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगर ही त्यांची नावं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा या वसाहती त्या जिल्ह्यात गेल्या. पण तिबेटी मंडळी आपल्या वसाहतीला अजूनही ‘भंडारा’ म्हणून ओळखतात.

आणि तिरोडी? तुमसर रोडवरून तिरोडीला गाडी जाते. गाव मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, पण आमच्या शेजघरासारखं. तिथे वांग छी नावाचा चिनी सैन्यातला एक सर्वेक्षक राहत होता. १९६३ च्या जानेवारीत वाट चुकून तो भारतीय हद्दीत आला, पकडला गेला, सहा-सात वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत राहिला आणि मग त्याला तिरोडीत आणून सोडलं. त्याने तिथे पिठाच्या गिरणीत काम केलं, लग्न केलं, मुलंबाळं झाली. आपल्या गावी पाऊल ठेवायला त्याला २०१७ साल उजाडलं. तोवर आई जाऊन दहा वर्षं उलटली होती. ते युद्ध महिनाभरात आटोपलं होतं. या एका माणसासाठी ते चोपन्न वर्षं चाललं.

हे ‘नंतरचं’ युद्ध पडद्यावर कसं दाखवायचं, हाच या लघुपटांपुढचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी मी गोठणगावला गेलो होतो. एका वृद्ध गृहस्थांशी बोलणं झालं. तिबेट सोडलं तेव्हा ते सहा-सात वर्षांचे असावेत. मी आपला विचारत होतो, किती दिवस चाललात, कोणती खिंड ओलांडली, सैनिक दिसले का? त्यांना यातलं काहीच सांगता येईना. मग ते म्हणाले, “माझा एक बूट फाटला होता. आईने अंगरख्याची कड फाडून माझ्या पायाला बांधली. ती पट्टी निळी होती.” एवढंच. त्यापुढे एकदम भंडारा जिल्ह्यातला उन्हाळा. मधलं सगळं पुसलेलं.

आठवण ही अशी असते. तिला सुरुवात, मध्य आणि शेवट नसतो. एक निळी पट्टी असते, आणि आजूबाजूला मोठी पोकळी. आता या माणसावर नेहमीचा चित्रपट काढायचा तर काय होईल? दिग्दर्शक ती पोकळी भरून काढेल. बर्फ दाखवेल, घोडेस्वार दाखवेल, व्हायोलिन वाजवेल. चित्रपट चांगला होईलही, पण ती त्या माणसाची आठवण राहणार नाही. प्रायोगिक लघुपट करणारा ती पोकळी तशीच ठेवतो, आणि ती प्रेक्षकाला जाणवावी म्हणून निरनिराळ्या युक्त्या शोधतो. त्या युक्त्या कळल्या की चित्रपट कळू लागतो. चार-पाच उदाहरणं घेऊ.

पहिली युक्ती रिकाम्या जागेची. फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांनी १९५५ मध्ये ‘नाइट अँड फॉग’ म्हणजे ‘रात्र आणि धुकं’ हा ३२ मिनिटांचा माहितीपट केला. विषय नाझी छळछावण्या. हा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, चुकून दुसरीच रीळ लागली. रंगीत चित्र, हिरवं गवत, शांत आभाळ. कॅमेरा हळूहळू सरकतो आणि काटेरी तारा दिसतात. युद्ध संपून दहा वर्षं झालीत, छावणी ओस पडली आहे, गवत वाढलं आहे. मध्येच जुनी कृष्णधवल दृश्यं येतात, आणि पुन्हा तेच हिरवं गवत. रंग म्हणजे आज, काळं-पांढरं म्हणजे काल. इतकी साधी मांडणी. पण त्या गवताची भीती वाटू लागते, कारण गवत सगळं झाकून टाकतं. निवेदन लिहिलं होतं जाँ केरोल यांनी, जे स्वतः अशा छावणीतून वाचून आले होते. गंमत अशी, की फ्रान्सच्या सेन्सॉरने यातल्या एका छायाचित्राला हरकत घेतली. त्यात छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती. म्हणजे या छळात आपलेही लोक सामील होते, हे उघड होत होतं. ती टोपी झाकावी लागली. युद्धाची आठवण पुसायला नेहमी शत्रूच लागतो असं नाही, हे त्या एका टोपीवरून कळतं.

दुसरी युक्ती थांबलेल्या चित्राची. क्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ हा १९६२ चा, २८ मिनिटांचा चित्रपट. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस उद्ध्वस्त झालं आहे, माणसं तळघरांत राहतात, आणि एका माणसाला लहानपणी विमानतळावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा विसरता येत नाही, अशी कल्पना. पण तो जवळजवळ संपूर्ण स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. एकामागून एक फोटो आणि त्यावर निवेदन. साकोलीला काही महाविद्यालयीन मुलांना मी तो दाखवला, तेव्हा पाचव्या मिनिटाला मागून आवाज आला, “सर, हा पिक्चर आहे की स्लाइड शो?” सगळे हसले, मीही हसलो. पुढे एका ठिकाणी ती स्त्री झोपलेली दिसते. फोटो, फोटो, फोटो, आणि अचानक ती डोळे उघडते, पापण्या हलवते. साऱ्या चित्रपटात तेवढंच एक हलतं चित्र, काही सेकंदांचं. त्या क्षणी खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. नंतर एक मुलगी म्हणाली, “सर, मी आजोबांना पाहिलं नाही. भिंतीवरच्या फोटोतलेच माहीत आहेत. मला ते नेहमी त्याच शर्टात आठवतात.” मला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. गेलेली माणसं आपल्याला फोटोसारखीच आठवतात, आणि कधीतरी, क्षणभर, हलतात.

तिसरी युक्ती न दाखवण्याची. हारुन फारोकी हे जर्मन दिग्दर्शक. १९४४ चा जन्म, आई जर्मन, वडील भारतीय, आणि बालपणाचा काही काळ आपल्या देशात गेलेला. व्हिएतनाम युद्धात नापाम नावाचं आगलावं रसायन वापरलं जात होतं. त्यावर त्यांनी १९६९ मध्ये ‘न विझणारी आग’ हा लघुपट केला. त्यात फारोकी स्वतः टेबलापाशी बसून नापामने भाजलेल्या एका व्हिएतनामी माणसाची साक्ष वाचतात. मग म्हणतात, जखमांची चित्रं दाखवली तर तुम्ही डोळे मिटून घ्याल. आधी चित्रांसमोर मिटाल, मग त्यांच्या आठवणीसमोर, मग वस्तुस्थितीसमोर. आणि ते जळती सिगारेट स्वतःच्या हातावर विझवतात. निवेदक थंडपणे सांगतो, सिगारेट सुमारे ४०० अंशांवर जळते, नापाम ३००० अंशांवर. संपलं. एकही जखमी माणूस न दाखवता अंगावर काटा येतो.

याच चित्रपटाचा पुढचा भाग कारखान्याबद्दल आहे. त्यात एक कामगार म्हणतो, मी व्हॅक्यूम क्लीनरच्या कारखान्यात आहे, रोज एक सुटा भाग घरी आणून जोडतो, पण काही केल्या त्याची मशीनगनच तयार होते. म्हणजे आपण काय बनवतो हे बनवणाऱ्यालाही पुरतं दिसत नाही. हा प्रसंग पाहताना मला जवाहरनगर आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली, मुलं शिकली. आणि २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला तेव्हा किमान आठ कामगार गेले. सीमेपासून एवढ्या दूर, कोणतंही युद्ध चालू नसताना. युद्धपटांत जवान दिसतो, सेनापती दिसतो. दारूगोळा तयार करणारा माणूस आणि त्याची वाट पाहणारं घर मात्र दिसत नाही. ते दाखवायचं असेल तर लघुपटासारखी छोटी, हट्टी गोष्टच हवी.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे लघुपट म्हटला की फिल्म्स डिव्हिजन आठवतं. मुख्य चित्रपटाआधी तो दाखवत आणि आम्ही तेवढ्यात शेंगदाणे आणायला बाहेर जात असू. १९४८ साली मुंबईत सुरू झालेली ही सरकारी संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्या सरकारी चौकटीतही प्रमोद पती यांच्यासारखे लोक १९६८ साली ‘एक्स्प्लोरर’सारखे धाडसी प्रयोग करत होते. ते आमच्या शेंगदाण्यांच्या नादात हुकले, याची खंत वाटते.

युद्ध आणि फाळणीच्या आठवणीवर विशेष काम झालं ते मात्र बहुतेक या चौकटीबाहेर. झहीर रायहान या बंगाली दिग्दर्शकाने १९७१ मध्ये कलकत्त्यात आश्रयाला असताना ‘स्टॉप जेनोसाइड’ हा वीस मिनिटांचा लघुपट केला. हाताशी आलेली बातमीपटांची दृश्यं आणि निर्वासितांचे लोंढे जोडून, पूर्व बंगालला व्हिएतनामच्या शेजारी ठेवून त्यांनी तो रचला. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर ते ढाक्याला परतले, आणि ३० जानेवारी १९७२ ला आपल्या बेपत्ता भावाला शोधायला गेले ते परतलेच नाहीत. अमर कंवर यांचा ‘अ सीझन आउटसाइड’ हा १९९७ चा, अर्ध्या तासाचा. वाघा सीमेवरची जमिनीवर आखलेली रेघ, तिच्या अल्याड-पल्याड उभे हमाल, एकमेकांच्या डोक्यावर जाणाऱ्या गोण्या. त्या दृश्यांवर दिग्दर्शकाचा स्वतःचा आवाज, घरात ऐकलेल्या फाळणीच्या हकिकती आठवणारा. चित्र आजचं, आवाज कालचा. ही चौथी युक्ती.

पाचवं उदाहरण आपल्या मुंबईचं. नलिनी मालानी यांचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीत कुटुंब इकडे आलं. जे. जे. मध्ये चित्रकला शिकत असतानाच, १९६९ च्या सुमारास, अकबर पदमसी यांनी मुंबईत सुरू केलेल्या कार्यशाळेत त्या फिल्मकडे वळल्या. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाले, पाठोपाठ पाकिस्तानने केले. त्याच वर्षी मालानींनी सआदत हसन मंटोंच्या प्रसिद्ध कथेवरून ‘रिमेम्बरिंग टोबा टेकसिंग’ ही कलाकृती केली. ती टॉकिजमध्ये बसून पाहायची नाही, दालनात फिरून पाहायची. भिंतींवर चित्रं चालू असतात, आणि जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका. प्रत्येक ट्रंकेत एक टीव्ही, त्यावर अणुस्फोटाची आणि उखडलेल्या माणसांची जुनी दृश्यं. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया आहेत, एक भारतातली, एक पाकिस्तानातली. मधल्या जागेच्या पलीकडून त्या दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. साडीची घडी घालायला दोघी लागतात, हे कोणत्याही घरात ठाऊक असतं. दोन देशांबद्दल याहून सोपं कुणी काय बोलावं? आणि त्या ट्रंका! अर्जुनीकडच्या बंगाली घरात किंवा गोठणगावच्या तिबेटी घरात जा. खाटेखाली पत्र्याची ट्रंक सापडेल. तीत घर सोडताना जे उचलता आलं ते असतं. मालानींनी ट्रंकेत टीव्ही ठेवला, एवढाच फरक.

मग हे चित्रपट पाहायचे कसे? माझा अनुभव सांगतो. पहिलं म्हणजे ‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि ‘काय उरलं?’ असं विचारावं. दुसरं, चित्र काय दाखवतं आणि आवाज काय सांगतो, हे वेगवेगळं पाहावं. बहुधा सगळा अर्थ त्या दोहोंच्या मधल्या फटीत असतो. तिसरं, कंटाळा आला तर लगेच उठू नये. त्या रिकाम्या जागेत आपलीच एखादी आठवण डोकावते का, ते पाहावं. साकोलीच्या मुलीला आजोबा दिसले, ते मार्करच्या चित्रपटात कुठेच नव्हते.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी एवढं बोललो. हे चित्रपट करायला फार पैसा लागत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गोठणगाव, अरुणनगर, जवाहरनगर इथल्या पहिल्या पिढीतली माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांची परवानगी घ्या आणि बसा. मुलाखत घेऊ नका. ‘युद्धाबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस भाषण देतो किंवा गप्प होतो. त्याऐवजी एखादी वस्तू हातात द्या. ट्रंक, रेशनकार्ड, जुना फोटो, कामाचा बिल्ला. ती धरलेले हात चित्रित करा. माणूस ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत बोलू द्या. मध्ये थांबला तर तेही राहू द्या, कापू नका. पार्श्वसंगीत घालू नका. खाली तारीख, गाव आणि भाषा लिहा, आणि मूळ चित्रण दोन ठिकाणी जपून ठेवा. त्या घराला एक प्रत जरूर द्या. आणि नको म्हणाले तर नमस्कार करून परत या. न सांगण्याचाही त्यांना हक्क आहे.

हा सल्ला मी उशिरा शहाणा झालेला माणूस म्हणून देतो आहे. लहानपणी हिवाळ्यात भंडाऱ्याला तिबेटी बायका स्वेटर विकायला बसत. आमची आई त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करायची. पण ‘बाई, तुमचं गाव कोणतं?’ हे आमच्या घरातल्या कुणी कधी विचारलं नाही. आणि ज्यांनी मला निळ्या पट्टीबद्दल सांगितलं, त्यांना मी म्हटलं होतं, पुढच्या खेपेला कॅमेरा घेऊन येतो. पुढची खेप व्हायला दोन वर्षं गेली. गेलो तर दाराला कुलूप होतं. शेजाऱ्याने सांगितलं, ते मुलीकडे कॅनडाला गेले, आता परत येणार नाहीत.

माझ्याकडे त्या आठवणीचं चित्र नाही. मी ती तुम्हाला तोंडी सांगितली, एवढंच माझ्याच्याने झालं. तुमच्या शेजारी अजून कुलूप लागलेलं नसेल, तर या आठवड्यात एकदा जाऊन या.